शेवटच्या फळीची बेरीज

ठोसर सर गेल्याचं मला फोनवर कळलं तेव्हा मी गच्चीत पापड वाळत घालत होते. खरं सांगायचं तर हातातला पापड आधी नीट पसरला, मग ‘अरेरे’ म्हटलं. फोन इथलाच, रोह्यातलाच होता, सरांच्याच कॉलेजात हल्ली लागलेल्या गणिताच्या एका तरुण प्राध्यापकाचा. सरांची स्मरणिका काढायची आहे, तुम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, दोन पानं आठवणी लिहून द्याल का, असं तो फार अदबीनं विचारत होता. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की त्यालाच जरा बरं वाटलं असावं. बिचाऱ्याला काय माहीत, की या दोन पानांची मी पस्तीस वर्षं वाट पाहत होते. मात्र ही हकीकत दोन पानांत मावणारी नाही, म्हणून ती आधी इथे सगळी लिहून काढते.

पेणबाहेरच्या माणसाला कारखाना म्हटलं की भोंगा आणि धुराडं आठवतं. आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपती करायची जागा, आणि आमचा कारखाना म्हणजे आमच्याच घराची पुढची बाजू. पुढे पत्र्याची लांब पडवी, तिथे साचे, मातीचे ढीग, रंगाचे डबे. मागे दोन खोल्या आणि चूल. मधल्या दाराला पडदा होता, पण मूर्ती घासताना उडणारी पांढरी भुकटी पडदा कुठे जुमानते? ती भाकरीच्या पिठात असायची, वहीच्या पानांत असायची, आईच्या भुवयांवर तर बारा महिने असायची. सकाळी जाग यायची ती पॉलिश पेपरच्या खसखस आवाजानं. मग अप्पाकाका साचा उघडायचा त्याचा एक दबका ‘फट्’, आणि त्यामागून त्याचा ट्रान्झिस्टर. आई पहाटेच तांदळाच्या भाकऱ्या थापून ठेवायची, वालाचं बिरडं असायचं, आणि सुकट असली तर ती मागच्या ओट्यावर बसून खायची, हात दोनदा धुऊन मगच पुढे यायचं. मूर्तीला वास लागलेला बाबांना चालत नसे. आजही मी सुकट खाल्ली की दोनदा हात धुते, आता पुढे मूर्ती नसली तरी.

पडवीच्या भिंतीला बाबांनी स्वतः ठोकलेली मांडणी होती. सहा फळ्यांची. संध्याकाळी बाबा कानामागची पेन्सिल काढून फळ्या मोजत जायचे आणि प्रत्येक फळीची बेरीज तिच्याच कडेला लिहायचे. पाच फळ्यांची बेरीज जशी असेल तशी. सहाव्या, सगळ्यात खालच्या फळीची मात्र एकानं कमी. कारण हंगामाची पहिली मूर्ती साच्यातून निघाली की ती घरची. ती शेवटच्या फळीच्या कोपऱ्यात जाऊन बसायची आणि चतुर्थीला आमच्याच देवघरात यायची. ती विकायची नसे, म्हणून मोजायचीही नसे. आमच्या आळीतल्या सगळ्या कारखान्यांत हीच रीत होती. लहानपणी मी एकदा बाबांना म्हटलं होतं, की ती तर समोर दिसतेय, मग मोजत का नाही? तेव्हा ते म्हणाले, "आपली हाय ती. आपलं कोण मोजतं गो?" हे माझ्या अंगात इतकं भिनलं, की तिसरीत असताना बाईंनी फळ्यावर काढलेल्या चांदण्यांच्या ओळी मोजताना मी शेवटच्या ओळीतली एक सोडली होती. बाईंनी कान धरला. मला आपलं काय चुकलं ते घरी येईपर्यंत कळलं नव्हतं.

माझी जागा काका आणि आई यांच्या मधोमध. काका साच्यातून मूर्ती काढणार, मी घासून पुढे सरकवणार, आई रंगवणार. घासकामाला डोकं लागत नाही, त्यामुळे डोकं रिकामं असायचं. बारावीच्या वर्षी, दिवाळीनंतरच्या मंद दिवसांत, माझ्या मनात एक खूळ शिरलं. दिवसभरात दोन मूर्ती व्हायच्या असतील तर कामाचा क्रम किती प्रकारांनी लागेल? काकानं दोन्ही आधी काढाव्यात आणि आईनं मग दोन्ही रंगवाव्यात. किंवा एक काढावी, ती रंगवावी, मग दुसरी काढावी, ती रंगवावी. वाळायला लागणारा वेळ सोडून द्या, तो खुळात धरला नव्हता. अट एकच होती: जी काढलीच नाही ती आई रंगवणार कुठून? म्हणजे दोन मूर्तींचे दोन प्रकार. तीन मूर्तींचे मी फळीवरच्या भुकटीत बोटानं लिहून काढले, ‘का’ म्हणजे काढली, ‘रं’ म्हणजे रंगवली. पाच निघाले. चार मूर्तींना अख्खी दुपार गेली आणि चौदा निघाले. पाच मूर्तींना भुकटी पुरेना. काका म्हणाला, "शैले, मूर्ती घासतेस की फळी घासतेस?"

तेव्हा मी वही घेतली आणि सगळे प्रकार लिहीत बसण्याऐवजी नुसते आकडे मांडायचं ठरवलं. प्रत्येक ओळ म्हणजे इतक्या काढल्या, प्रत्येक घर म्हणजे त्यांतल्या इतक्या रंगवल्या. पहिली ओळ रिकाम्या कारखान्याची. काहीच न करण्याचा प्रकार एकच. पुढे कुठल्याही घराशी येऊन थांबलं की शेवटचं काम एक तर काकाचं असणार, नाही तर आईचं. काकाचं असेल तर आपण वरच्या घरातून आलो, आईचं असेल तर डावीकडच्या. म्हणून वरचा आणि डावीकडचा आकडा मिळवायचा, की घर भरलं. ओळीच्या शेवटच्या घराला वर कुणी नसतं, तिथे डावीकडचाच आकडा पुन्हा लिहायचा. एका ओळीतून पुढची ओळ आपोआप निघत गेली. सहा ओळी लिहिल्या, कारण मांडणीला फळ्या सहा. आणि बाबांच्या सवयीनं प्रत्येक ओळीच्या कडेला तिची बेरीज लिहिली:

१ — १
१ १ — २
१ २ २ — ५
१ ३ ५ ५ — १४
१ ४ ९ १४ १४ — ४२
१ ५ १४ २८ ४२ ४२ — १३१

मग मला ते दिसलं. वरच्या ओळीची बेरीज खालच्या ओळीच्या टोकाला येऊन बसत होती. दोन खाली, पाच खाली, चौदा खाली, बेचाळीस खाली. मी हातातला पॉलिश पेपर टाकून उठले आणि मागच्या ओट्यावर जाऊन नुसतीच उभी राहिले. पुढच्या आयुष्यात मला मुलगा झाला, शाळेत कायम झाले, रोह्यात स्वतःचं घर झालं, पण असा आनंद पुन्हा वाट्याला आला नाही. तो आनंद जिनं भोगला त्या मुलीच्या वतीनं मी हा राग इतकी वर्षं सांभाळला आहे.

ठोसर सर आमच्या आळीतच, समोरच्या माडीवर भाड्यानं राहत. मूळचे पुण्याचे. रोज सकाळच्या गाडीनं रोह्याला कॉलेजात शिकवायला जात आणि रविवारी आम्हा चार-पाच मुलामुलींना फुकट गणित शिकवत. आळीत त्यांना मोठा मान. मी सहा ओळी स्वच्छ कागदावर उतरवून त्यांच्याकडे नेल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ पाहत राहिले. मी ‘का’ आणि ‘रं’ सांगायला लागले तेव्हा हात हलवून म्हणाले की ते असू दे. मग विचारलं, "हे आणखी कुणाला दाखवलंस?" मी नाही म्हटलं. "दाखवू नकोस. मी जरा तपासतो." कागदाची घडी त्यांच्या डायरीत गेली. मी जिना दोन-दोन पायऱ्या सोडून उतरले. मूर्ख पोरगी! आज ती समोर आली तर तिची वेणी धरून मी तिला तो कागद आणायला परत वर पाठवीन.

बारावीचा निकाल चांगला लागला. घरात प्रश्न एकच होता: पुढे रोह्याला कॉलेजात पाठवायचं की कारखान्यात बसवायचं? बाबांची ना नव्हती, होही नव्हती. माझ्यासारख्या हाताखालच्या माणसाशिवाय हंगाम जड जाणार हे उघड होतं. शेवटी ते म्हणाले, सर गणितातले, ते सांगतील तसं करू. त्या दिवशी मी किती खूश होते! सर सांगणार म्हणजे झालंच. सर संध्याकाळी आले, बाबांसमोर खुर्चीत बसले. मी पडद्यामागे चहाचा कप घेऊन उभी होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला. "मुलगी कष्टाळू आहे हो," सर म्हणाले, "पण गणितात विशेष काही नाही. उगाच रोज रोह्याचे हेलपाटे कशाला? तिच्या हातात रंग आहे, तो सोडवू नका."

मी बाहेर जाऊन त्यांना चहा दिला. त्यांनी घेतला आणि साखर बेताची आहे म्हणून कौतुकही केलं. तेव्हा मला ते खरंच वाटलं. सरांनी तपासलं असेल आणि त्यात काही निघालं नसेल, असंच माझ्या मनानं घेतलं. त्यांच्या खोटेपणापेक्षा मला आजही जास्त झोंबतं ते हे, की मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. जून उजाडला, माझ्या वर्गातल्या मुली नव्या पिशव्या घेऊन स्टेशनाकडे जायला लागल्या आणि मी फळ्यांच्या मधोमध बसून मूर्ती घासत राहिले. वही मी ट्रंकेत तळाशी टाकली. आई एकदा म्हणाली, "बोलत नाय तू आताशा." मी म्हटलं, भुकटी तोंडात जाते.

गणपती झाले, कारखाना रिकामा झाला. दिवाळीआधी रंगाचे डबे पुसायला काढले, तर डब्यांच्या मागे एक पातळ मासिक सापडलं. मुंबईहून निघणारं गणिताचं त्रैमासिक. सरांनी ते स्वतः बाबांना आणून दिलं होतं, शेजारधर्म म्हणून, आणि बाबांनी आदरानं ते फळीवर ठेवून दिलं होतं. मी सहज उघडलं. ‘एका सोपान-सारणीच्या ओळींच्या बेरजा’. लेखक, प्राध्यापक ठोसर. खाली माझ्या सहा ओळी. काकाचा ‘का’ नाही, आईचा ‘रं’ नाही, पेण नाही, कारखाना नाही. सगळीकडे ‘समजा’ आणि ‘मानू या’. वरच्या ओळीची बेरीज खालच्या ओळीच्या टोकाला येते हा शोधही होता, चौकटीत, जाड अक्षरांत.

मी आधी बेरजा तपासल्या. ती माझी सवयच. सहाव्या ओळीला अडखळले. एक आणि पाच सहा, आणि चौदा वीस, आणि अठ्ठावीस अठ्ठेचाळीस, आणि बेचाळीस नव्वद, आणि बेचाळीस एकशे बत्तीस. छापलं होतं एकशे एकतीस. आधी वाटलं, बघा, नीट चोरतासुद्धा आलं नाही. मग ट्रंकेतून वही काढली. वहीतही एकशे एकतीस! चूक माझीच होती. सहावी ओळ, म्हणजे शेवटची फळी, म्हणजे एक सोडून द्यायची. पेन्सिल हातात आल्यावर मी बाबांसारखीच मोजत गेले होते. आणि एवढ्या मोठ्या माणसाला सहा आकड्यांची बेरीज करून पाहावीशी वाटली नव्हती. मी डब्यांच्या पसाऱ्यात बसले आणि त्या वर्षात पहिल्यांदा हसले. सुखाचं हसू नव्हतं ते. माझ्या हाती काय सापडलं आहे ते मला लगेच कळलं होतं.

तडक समोरच्या माडीवर जाऊन ओरडले असते तर काय झालं असतं? पोरीचं डोकं फिरलं, एवढंच. म्हणून मी थांबले. कुणालाच सांगितलं नाही. आईला तर नाहीच, कारण आईनं मला समजावलं असतं आणि मला समजून घ्यायचं नव्हतं. हिवाळाभर मी मूर्ती घासता घासता मनात पुढच्या ओळी भरत गेले, सातवी, आठवी, दहावी. सर समोरून जाताना "काय शैला, बरं आहे ना?" विचारायचे आणि मी मान डोलवायची. त्यांच्या चहात काय काय घालता येईल याचाही मी पुष्कळ विचार केला, तेवढा मोठेपणा माझ्यात कधीच नव्हता. पण चहानं एक दिवस पोट बिघडलं असतं. मला त्यांचं नाव बिघडवायचं होतं, आणि तेही जिथे त्यांना सगळ्यात जास्त मान होता तिथे.

संधी त्यांनीच दिली. मे महिन्यात आमच्याच आळीच्या वाचनालयानं ‘मुंबईच्या अंकात झळकलेले संशोधक’ म्हणून सरांचा सत्कार ठरवला. सर आपला शोध साध्या भाषेत सांगणार होते. भेट म्हणून द्यायची गणेशमूर्ती आमच्या कारखान्याकडे आली आणि तिचे डोळे आखायला बाबांनी मला सांगितलं. डोळे आखणं हे आमच्या कामातलं सगळ्यात जबाबदारीचं. हात एवढासा हलला की मूर्ती तिरळी. मनात आलं नव्हतं असं नाही. पण देवाचा त्यात काय दोष? मी डोळे असे आखले, की बाबा दोन पावलं मागे सरकून बघत राहिले.

वाचनालयाचा हॉल भरला होता. बहुतेक सगळे आळीतले कारखानदार, त्यांच्या बायका, मुलं. अध्यक्ष आमच्या आळीतले सगळ्यात वयस्कर मूर्तिकार तात्या, ज्यांच्या हाताखाली बाबाही शिकले होते. सरांनी मासिक हातात धरून खडूनं फळ्यावर सहा ओळी उतरवल्या, बेरजांसकट. छान बोलले. हे आपल्याला कसं सुचलं, गाडीत खिडकीशी बसून कसं सुचलं, तेही सांगितलं. मग म्हणाले, कुणाला काही शंका? शंका कुणाला असणार? लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. मी उभी राहिले.

"सर, शेवटच्या ओळीची बेरीज करून दाखवाल का?"

ते हसले. समोर लिहिलीच आहे की, म्हणाले. मी म्हटलं, लिहिलेली नको, करून दाखवा. हॉलमधल्या लोकांना गणितात रस नव्हता, पण बेरीज करायला नकार देणारा गणिताचा प्राध्यापक कुणालाही विचित्रच वाटला असता. ते फळ्याकडे वळले. मोठ्यानं मिळवत गेले आणि नव्वदनंतर गप्प झाले. मग तळहातानं शेवटचा एक पुसून तिथे दोन केला. "छापखान्याची चूक," ते म्हणाले. मी म्हटलं, पुढची ओळ लिहा सर, तुमच्याच नियमानं तिच्या टोकाला एकशे बत्तीस येतं. ही ओळ तुम्ही एकदा जरी लिहिली असती तरी चूक सापडली असती. त्यांनी खडू खाली ठेवला. मी पुढे गेले आणि माझी जुनी वही तात्यांच्या हातात दिली. भुकटीनं पांढरी झालेली, ‘का’ आणि ‘रं’ यांनी भरलेली, आणि सहाव्या ओळीपुढे पेन्सिलीनं १३१ लिहिलेली.

तात्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. पानं उलटली. मासिक मागून घेतलं, वही आणि मासिक शेजारी शेजारी धरलं. शाळेत बाईंनी कान धरला तरी माझी जी सवय गेली नव्हती, ती त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही. "ही शेवटची फळी हाय," तात्या सावकाश म्हणाले. "घरचा गणपती सोडून मोजलाय. आमच्या आळीत सगळे असंच मोजतात. सर, तुमच्या घरात गणपती कधी बनाया लागले?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर सरांना सोपं गेलं असतं. समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला ते कळलं होतं, गणित नव्हे, मोजणी. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग काहीतरी पुटपुटून ते बाजूच्या दारानं निघून गेले. त्यांची मूर्ती टेबलावरच राहिली. मला काय वाटलं, तर फार बरं वाटलं. लोक म्हणतात की सूड घेतल्यावर रितं रितं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. मला भूक लागली होती.

बाबा ती मूर्ती उचलून घरापर्यंत चालत आले. मूर्ती त्यांनी शेवटच्या फळीच्या कोपऱ्यात, घरच्या मूर्तीशेजारी ठेवली. आई ताट वाढायला लागली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्याला इचारलं, तुला नाय इचारलं. माझी चूक झाली गो." बाबांच्या तोंडून ‘चूक’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला होता. जूनमध्ये त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला घेऊन रोह्याच्या गाडीत बसले. कॉलेजच्या कचेरीत ते अर्ज हातात घट्ट धरून रांगेत उभे होते, हाताच्या नखांत रंग तसाच.

तिथे गणिताला ठोसर सरच होते. ते पेण सोडून रोह्याजवळ, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायला गेले होते. तीन वर्षं मी पहिल्या बाकावर बसले, त्यांच्या टेबलाच्या बरोबर समोर. एक दिवस चुकवला नाही, तापातसुद्धा. कधी उलट बोलले नाही, कधी हसले नाही. ते फळ्यावर बेरीज लिहायचे, मग मागे वळून माझ्याकडे बघायचे, मग ती बेरीज पुन्हा करायचे. तीन वर्षं प्रत्येक बेरीज दोनदा! शेवटच्या वर्षी निरोपाच्या दिवशी ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, "शैला, झालं ते झालं." मी विचारलं, "काय झालं, सर?" मला एवढंच हवं होतं, की काय झालं ते त्यांनी एकदा आपल्या तोंडानं सांगावं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वर निघून गेले. त्यानंतरची सगळी वर्षं मी रोह्यातच शाळेत गणित शिकवलं, बाजारात, पुलावर, बँकेत आमची गाठ पडायची, आणि दर वेळी ते घड्याळ बघायचे.

मागच्या गणपतीत चुलतभावाची नात मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसली होती. तिला मी ही गोष्ट सांगितली, तर तिनं माझे आकडे मोबाइलमध्ये घातले. जगातल्या अशा आकड्यांच्या ओळींची एक मोठी यादी असते म्हणे. एक, दोन, पाच, चौदा, बेचाळीस, एकशे बत्तीस. सगळे तिथे होते. माझी सारणीही होती, जशीच्या तशी. "आत्याआजी, हे तर फार जुनं आहे," ती म्हणाली, "तुझ्या आधी कितीतरी वर्षं." म्हणजे ते माझं नव्हतं आणि सरांचंही नव्हतं. ज्याच्यासाठी मी एवढा जाळ पेटता ठेवला, ते शेकडो लोकांनी आधीच काढून ठेवलेलं होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा बोलावलं आणि सहावी ओळ शेवटच्या एकशे एकतीससकट घालून बघ म्हटलं. तिनं घातलं. काहीच आलं नाही. जगाच्या यादीत ती ओळ नव्हती. ती फक्त आमच्या पडवीतली होती, सहाव्या फळीवरची. सगळ्या सारणीत खरोखर माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि त्यांनी नेमकं तेच आपल्या नावावर छापलं होतं.

स्मरणिकेसाठी मी दोन पानं लिहून पाठवली. पहिल्या पानावर सर वेळेचे किती पक्के होते, सारखे घड्याळ कसे बघायचे, बेरीज कशी दोनदा करायचे, ते सगळं खरं खरं लिहिलं. दुसऱ्या पानावर सरांची प्रसिद्ध सारणी, सहा ओळी, त्यांनी मासिकात छापली होती तशी, खाली त्यांचं नाव. चार दिवसांनी त्या तरुण प्राध्यापकाचा पुन्हा फोन आला. लेख सगळ्यांना आवडला, म्हणाला. मग जरा चाचरत म्हणाला, की सहाव्या ओळीची बेरीज एकशे बत्तीस हवी, टाइप करताना काही राहिलं असेल, मी दुरुस्त करून घेऊ का?

त्यानं निदान बेरीज करून पाहिली होती. मला तो मुलगा आवडला.

"नको," मी म्हटलं. "एकशे एकतीसच राहू दे."

"पण मॅडम, ती चूक आहे."

"चूक आहे," मी म्हटलं, "आणि ती माझी आहे. सारणीखालचं सरांचं नाव काढा आणि माझं घाला."